मागावरची पहिली घोंगडी

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, राजांकडे घोडे होते आणि घोड्यांच्या पाठीवर जरीच्या झुली होत्या. पण सगळ्या माणसांच्या अंगावर पांघरूण होतंच असं नाही. मुलांनो, पुढे सरकून बसा. आणि मुलांच्या मागे बसून ऐकत नसल्याचं सोंग करणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही कान इकडे करा. गोष्ट खरं तर तुमच्याच कामाची आहे.

एका उजाड माळावर एक गाव होतं. गावाला तीन देवस्थानं होती. टेकडीवर महादेवाचं देऊळ, ओढ्याकाठी पिराचा दर्गा आणि वेशीजवळ जैनांची बस्ती, म्हणजे त्यांचं मंदिर. देवळाचा कारभार बुवा पाहत, दर्ग्याचा मुजावरचाचा आणि बस्तीचा उपाध्येअण्णा. तिघेही भली माणसं. दारात कुणी उपाशी उभं असलं तर तिघांच्याही घशाखाली घास उतरत नसे.

फक्त एक गोष्ट होती. तिघेही एकमेकांचा उंबरा ओलांडत नसत. फार पूर्वी कुठल्याशा बांधावरून की पाण्यावरून काहीतरी बिनसलं होतं. काय बिनसलं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण राग मात्र सगळ्यांनी नीट जपून ठेवला होता. असं ते भिजत पडलेलं घोंगडं होतं, आणि उचलून वाळत घालायला कुणी पुढे येत नव्हतं.

गाव घोंगड्या विणणाऱ्यांचं होतं. धनगरांनी माळावर मेंढ्या चाराव्यात, त्यांची लोकर कातरावी, बायकांनी ती धुऊन, पिंजून, सूत कातावं, सुताला चिंचोक्याची खळ लावावी आणि मग मागावर घोंगडी विणावी, असं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. या गावची घोंगडी अंगावर घेतली की थंडी दारातूनच मागे फिरते, असं लोक म्हणत. सांगणारे थोडं वाढवूनच सांगत असतील, पण घोंगडी होती तशीच, जाडजूड आणि ऊबदार.

त्या गावात केराबाई नावाची एक विधवा राहत होती. तिच्या घरातला माग तिच्या सासऱ्याच्याही बापाचा. घरात सून हौसा होती आणि पाळण्यात एवढीशी नात होती. मुलगा मात्र गावात नव्हता. तो दूरच्या मुलखात खडी फोडायला गेला होता. घोंगडी विणणाऱ्या घरातला मुलगा खडी फोडायला का गेला? तेच तर सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात फार कडाक्याची थंडी पडली. गावाच्या मधोमध चिंचेचं मोठं झाड होतं आणि झाडाला पार होता. त्या पारावर एक वाटसरू रात्री येऊन झोपला, तो सकाळी उठलाच नाही. गारठून गेला होता बिचारा. पार तिन्ही देवस्थानांपासून सारखाच लांब होता. बुवांना वाटलं, देवळात आला असता तर वाचला असता. चाचांना वाटलं, दर्ग्यात आला असता तर वाचला असता. अण्णांना वाटलं, आपल्या बस्तीची एवढी मोठी धर्मशाळा, आणि माणूस उघड्यावर मेला! तिघेही आपापल्या घरी रडले, आणि तिघांनीही आपापल्या घरी एकच संकल्प सोडला. दर हिवाळ्यात गोरगरिबांना पांघरुणं वाटायची.

विचार लाखमोलाचा होता, त्याला कुणी नाव ठेवू नये. चूक झाली ती पुढे.

घोंगडी विणायला वेळ लागतो, आणि तिघांनाही घाई होती. तेवढ्यात लांबच्या शहराचा एक व्यापारी उंटांवर लाल-निळी कांबळी लादून आला. पातळ होती, पण स्वस्त होती आणि ढिगानं होती. बुवांनी ढीग घेतला. ते कळताच चाचांनी त्याहून मोठा ढीग घेतला. मग अण्णा कसे मागे राहतील? एकमेकांशी बोलायचं नाही, पण एकमेकांकडे पाहायचं मात्र डोळे फाडून, असा तो मामला होता.

वर्षामागून वर्ष कांबळी येत राहिली. घराघरात कांबळ्यांच्या चळती लागल्या. लोक ती म्हशींवर घालू लागले, खिडकीच्या भोकात कोंबू लागले. मग घोंगडी कोण विकत घेणार? घोंगडी खपेना, तसे विणकर लोकर घेईनात. लोकर पडून राहू लागली, तसे धनगर मेंढ्या विकू लागले. एकेक माग बंद पडला. गाव गरीब झालं. गाव गरीब झालेलं पाहून तिन्ही भल्या माणसांच्या पोटात तुटलं, आणि त्यांनी आणखी कांबळी वाटली.

केराबाईच्या मनात मात्र कुणाबद्दल कडू शब्द नव्हता. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात घरात धड काही नव्हतं, आणि नात नुकतीच जन्मली होती. तेव्हा दर्ग्याच्या कांबळ्यात गुंडाळूनच ती पोर जगली होती. बाळंतिणीला तूप देवळातून आलं होतं आणि डाळ-तांदूळ बस्तीतून. केराबाई रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहून एकदा टेकडीकडे, एकदा ओढ्याकडे आणि एकदा वेशीकडे हात जोडायची.

हौसा हसायची. "आत्या, हात जोडता जोडता एक दिवस गरागरा फिरून पडाल!"

"पडले तर पडले," केराबाई म्हणायची. "ज्यांनी दिलं त्यांचं नाव घ्यायचं. माणसाला तेवढं तरी आलं पायजे."

पण हात जोडून पोट भरत नाही. त्या वर्षी पौष महिना लागला आणि घरातल्या कणगीचा तळ दिसू लागला. शेजारगावच्या गुऱ्हाळवाल्यानं निरोप पाठवला, "माग मोडून दे. चुलाणाला सुकं लाकूड पाहिजे. बदल्यात ज्वारी देतो." केराबाईनं पुष्कळ दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही. मग पाळण्यातली नात भुकेनं रडू लागली, तेव्हा तिनं ज्वारी घेतली. दळली, भाकरी केली आणि खाल्लीही. आता माग देणं आलं. माग दिला की या घरात परत कधी घोंगडी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माग दिला की गाव सोडायचं आणि मुलाच्या मागे खडी फोडायला जायचं, एवढंच उरलं होतं.

पौषातल्या पौर्णिमेच्या सकाळी गुऱ्हाळवाला बैलगाडी घेऊन दारात आला. सासू-सुना मागाच्या दोऱ्या सोडायला बसल्या. एकेक लाकूड गाडीवर चढू लागलं. आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा मात्र केराबाईनं ओच्यात लपवला. एवढ्याशा लाकडानं गुऱ्हाळाचं काय अडणार होतं!

आणि नेमक्या त्याच सकाळी टेकडीकडून हलगीचा आवाज आला. ओढ्याकडून ताशाचा आला. वेशीकडून झांजांचा आला. त्या वर्षी तिघांनीही वाटपासाठी पौर्णिमाच धरली होती, आणि गावातल्या सगळ्यात गरीब घरापासून सुरुवात करायची, असं तिघांनीही मनाशी ठरवलं होतं. तीन वाटांनी तीन मिरवणुका आल्या आणि केराबाईच्या अंगणात एकमेकींवर आदळल्या.

वाद्यं गप्प झाली. तिघेही अवघडून उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात एक लाल-निळं कांबळं होतं. तिन्ही कांबळी एकाच व्यापाऱ्याची, एकाच रंगाची.

केराबाई लगबगीनं उठली. पदर सावरून तिनं तिघांनाही वाकून नमस्कार केला, आणि तिन्ही कांबळी एकेक करून कपाळाला लावली. "देवानं तुमचं भलं करावं," ती म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं.

"आता थंडी नाही ना वाजणार, बाई?" बुवांनी विचारलं. विचारताना त्यांनी बाकी दोघांकडे तिरका कटाक्ष टाकला.

"न्हाई बुवा. थंडी कुठली वाजतीया."

मुजावरचाचांची नजर गाडीकडे गेली. "हे लाकूड कसलं गं, बेटी?"

"माग हाय, चाचा."

"कुठं चाललाय?"

"गुऱ्हाळावर. चुलाणात."

चाचांच्या खांद्यावर एक काळी घोंगडी होती, तिच्या काठाला तांबडी रेघ होती. त्यांनी ती खांद्यावरून काढली आणि हातावर घेऊन बघत राहिले. "ही माझ्या वालिदांची, अब्बांची," ते म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं विणून दिलेली. ह्याच मागावरची. वालिद गेले, तुझा सासरा गेला, घोंगडी अजून जशीच्या तशी आहे."

बुवा हळूच म्हणाले, "देवाच्या गाभाऱ्यासमोर अंथरलेली आहे, तीही ह्याच घरची."

"धर्मशाळेतल्या सगळ्याच," अण्णांना आठवलं. मग ते चिडल्यासारखे म्हणाले, कारण माणसाला वाईट वाटलं की तो आधी चिडतो. "मग विणायची सोडलीस कशाला? विणून विकायच्या होत्यास की!"

केराबाई सोडलेल्या दोऱ्या गुंडाळू लागली. पण हौसा तरुण होती, तिला गप्प बसवेना. "कुनाला विकायच्या, अण्णा? घराघरात तुमची फुकटची कांबळी हायेत. आमच्याच घरात बघा, आता ठेवायला जागा न्हाई!"

"गप गं," केराबाईनं दटावलं. "देणाऱ्याला असं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे तिला," बुवा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तूही बोल, केराबाई. आम्ही रागावणार नाही."

केराबाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बुवा, तुमचं तूप माझ्या सुनंनं खाल्लंय. चाचा, तुमच्या कांबळ्यात माझी नात वाचलीया. अण्णा, तुमच्या तांदळावर आमी दिवस काढल्यात. हे मी मरंस्तवर इसरायची न्हाई. म्हणूनच एक मागते. मला आता कांबळं देऊ नगा. माझ्याकडं मागा."

बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"मला उशीर होतोय," गुऱ्हाळवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या चुलाणाला जळण हवं होतं, एवढंच. "ज्वारी ह्यांनी खाल्लीय. आता मी रिकाम्या हातानं जाऊ का?"

"देवाच्या कुरणात बाभळी वाळून पडल्यात," बुवा एकदम म्हणाले. "गाडी भरून ने, पण हा माग खाली उतरव."

म्हणायला म्हणाले, पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की कुरणाला तर काटेरी कुंपण आहे. दुसऱ्यांची मेंढरं आत शिरू नयेत म्हणून त्यांनीच ते घातलं होतं. बाभळी बाहेर काढायच्या तर कुंपण तोडावं लागणार होतं. बुवा क्षणभर थांबले, मग स्वतःच कोयता घेऊन निघाले. चाचांनी धोतराचा काचा मारावा तसा लुंगीचा सोगा खोचला आणि बाभळी ओढायला गेले. अण्णांना असल्या कामाची सवय नव्हती. त्यांच्या हातात काटे गेले आणि ते चाचांनी काढून दिले. इतक्या वर्षांनी तिघे एकमेकांशी बोलले ते काट्यांबद्दल. पण बोलले.

दुपारी माग अंगणात परत उभा राहिला. केराबाईनं ओच्यातून धोटा काढून जागेवर ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. इतकं सोपं असतं होय! माग होता, पण लोकर कुठे होती?

तिघेही बोलणी करायला बसले. कुणी कुणाच्या दारात जायला अजून तयार नव्हतं, म्हणून ते चिंचेच्या पारावर बसले, जिथे तो वाटसरू गेला होता. आणि बसल्या बसल्या भांडले. बुवा म्हणाले, सगळ्या घोंगड्या देऊळच घेईल. चाचा म्हणाले, दर्ग्याला काय हात नाहीत? अण्णा म्हणाले, आधी मला सांगा, लोकर काढताना मेंढरू मरत तर नाही ना? तसं असेल तर माझा हात लागणार नाही.

"मरत न्हाई, अण्णा," पाराखाली बसलेली केराबाई म्हणाली. "उलट उन्हाळ्यात त्याला हलकं वाटतं. तुमी कातरताना बघायला या."

अण्णा खरंच बघायला गेले. कातरून झाल्यावर मेंढरू उड्या मारत पळालं, ते पाहून अण्णाही हसले. मग भांडण आपोआप मागे पडलं, कारण एकट्यानं काहीच जमत नाही, हे तिघांनाही दिसायला लागलं. मेंढ्यांना चारा हवा होता, तो देवळाच्या कुरणात होता. लोकर धुवायला पाणी हवं होतं, ते दर्ग्याच्या विहिरीला बारमाही होतं. चाचांनी पाट काढून ते बाहेर आणलं. सूत कातायला, माग लावायला कोरडी, मोठी जागा हवी होती, ती धर्मशाळेत होती. आणि खळीला चिंचोके हवे होते. ते पारावर पडलेच होते, गोळा करायला गावातली सगळी पोरं होती.

व्यापाऱ्याचे उंट पुढच्या हिवाळ्याआधी आले, तेव्हा तिघांनी मिळून त्याला पाणी पाजलं, जेवू घातलं आणि कांबळ्यांना हात जोडून नको म्हटलं.

गावात एकेक माग पुन्हा वाजू लागला. धनगरांनी मेंढ्या विकायच्या थांबवल्या. धर्मशाळेत पिंजणाऱ्या बायकांची गाणी ऐकू येऊ लागली. तिन्ही देवस्थानं घोंगड्या घेत आणि आपापल्या यात्रेकरूंना, उरुसाला येणाऱ्यांना विकत. त्यातून आणखी विणकरांना सूत मिळे. एक दिवस केराबाईचा मुलगा परत आला. त्याच्या तळहातांवर खडीचे घट्टे पडले होते. माग वाजताना ऐकून तो दारातच थबकला, आणि मग आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला.

आता त्या गावची एक रीत होती. बंद पडलेला माग परत सुरू झाला की त्याच्यावरची पहिली घोंगडी देवाची. ती विकायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. केराबाईची पहिली घोंगडी तयार झाली होती, पण ती तिनं तशीच घडी घालून ठेवली होती. द्यायची कुणाला? तिघांचंही देणं तिच्यावर होतं.

पौषातली पौर्णिमा पुन्हा आली. तिघेही पारावर जमले आणि केराबाई घोंगडी घेऊन आली. आता बघा गंमत!

"चाचांना दे," बुवा म्हणाले. "दर्ग्याचं पाणी नसतं तर लोकर धुतली कशात असतीस?"

"छे छे, अण्णांना दे," चाचा म्हणाले. "त्यांच्या छपराखाली सगळं झालं."

"मला काय करायची?" अण्णा म्हणाले. "बुवांनी कुंपण तोडलं म्हणून हे घडलं. देवळात दे."

पूर्वी मीच देणार म्हणून भांडायचे, आता तुम्ही घ्या म्हणून भांडायला लागले. माणसाला भांडण सोडवत नाही हेच खरं, पण हे भांडण ऐकायला गोड होतं. केराबाई हसत हसत डोळे पुसत होती.

इतक्यात वेशीकडून एक बाई येताना दिसली. डोक्यावर बोचकं, काखेत मूल, अंगावर विरलेलं लुगडं. कुठल्यातरी लांबच्या गावाहून घर मोडून निघाली होती. ती पारापाशी आली आणि थंडीनं काकडत खाली बसली. मूल तिच्या छातीशी घट्ट चिकटलं होतं.

केराबाईनं एकदा त्या बाईकडे पाहिलं. बारा महिन्यांमागे आपणही अशाच निघालो असतो, बोचकं घेऊन, नातीला काखेत मारून. तिनं घोंगडीची घडी मोडली आणि माय-लेकराच्या अंगावर पांघरली. चारी बाजूंनी नीट खोचली.

"केराबाई," बुवा म्हणाले, "देवाची होती ना गं ती?"

"देवाकडंच गेली, बुवा."

मग ती त्या बाईशेजारी पारावर टेकली. हौसानं आणलेली भाकरी तिच्या हातात ठेवली. बाईनं दोन घास खाल्ले, तिचं थरथरणं थांबलं, तेव्हा केराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "बाई, तुला काय करायला येतं?"

बाई चकित झाली. आजवर तिला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. कुठली, कुणाची, का आलीस, कधी जाणार. हे कुणी विचारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अंबाडीचे दोर वळते मी. चांगले वळते."

बुवांनी चाचांकडे पाहिलं आणि चाचांनी अण्णांकडे.

"माझ्या घंटेचा दोर कधीचा तुटायला आलाय," बुवा म्हणाले.

"माझ्या विहिरीचा तर तुटलाच," चाचा म्हणाले.

"धर्मशाळेच्या बाजा सगळ्या सैल पडल्यात," अण्णा म्हणाले. "बाई, तू मूल घेऊन आधी आत चल. बाहेर वारं आहे."

तिघेही उठले. एकानं बोचकं उचललं, एकानं मूल घेतलं, एकानं वाट दाखवली, आणि धर्मशाळेचा उंबरा आला तेव्हा तो आपण कधी ओलांडला, हे बुवांच्या आणि चाचांच्या लक्षातही आलं नाही.

केराबाई पारावरच मागे राहिली. सूर्य मावळत होता. तिनं सवयीनं टेकडीकडे हात जोडले, ओढ्याकडे जोडले, वेशीकडे जोडले. मग थोडा विचार करून धर्मशाळेच्या दारात दिसेनाशा होत चाललेल्या त्या परक्या बाईकडेही जोडले. कारण आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाला तरी काही देता आलं होतं.

ही गोष्ट सांगते ते एवढंच, की गरिबाला काय द्यावं हे एकेकट्यानं ठरवू नये; सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात जावं, आणि त्याच्याकडून आपल्याला काय घेता येईल, ते आधी विचारावं.